विहिरीला वास नाही

६ फेब्रुवारी २००१, मंगळवार

वंगण तेलाच्या एजंटाने दिलेली डायरी महिनाभर टेबलावर कोरीच पडली होती. आजपासून लिहायचं ठरवलं, कारण आज माझा अपमान झाला आणि तो कुठेतरी नोंदवून ठेवायला हवा.

पहिल्या पानावर स्वतःची माहिती लिहा असं छापलंय. सुरेंद्र मेश्राम, वय बेचाळीस, अविवाहित, मॅनेजर, पळसटोला फाट्यावरचा पेट्रोल पंप, तालुका सिंदेवाही. रक्तगट माहीत नाही. मालक नागपूरला असतात आणि सहा महिन्यांतून एकदा येतात, त्यामुळे पंपावर माझाच शब्द चालतो. निदान माझी तशी समजूत आहे.

पंपाला लागून गोकुळाबाईंची चहाची टपरी. टपरीमागे त्यांचं घर, घरामागे त्यांची विहीर, आणि विहिरीच्या खाली उतारावर गावचा तलाव. घरात माणसं दोनच, त्या आणि त्यांचे सासरे इस्तारीबाबा. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. जातीने धिवर; म्हातारा तलावात जाळं टाकतो आणि बाई चहा टाकतात. विहिरीचं पाणी इतकं गोड की ट्रकवाले दुसरीकडे थांबत नाहीत, आणि गावात लग्न असलं की पंगतीलाही हेच पाणी जातं. मी सात वर्षांपासून तिथे रोज चार कप चहा घेतो. चहा चांगला असतो म्हणून, दुसरं काही कारण नाही.

आज पहिला घोट घेतला आणि वास आला. मी सभ्यपणे विचारलं, "बाई, चहात रॉकेल पडलं का जी?"

"रॉकेल माह्या घरात राशनच्या दिवशी दिसते अन् दोन दिवसांत सरते," त्या म्हणाल्या. "तुमच्या चहात टाकाले कुठून आनू?"

चार ड्रायव्हर हसले. मी अर्धा कप तसाच ठेवून उठलो. दुपारचा चहाही घेतला नाही. आता डोकं दुखतंय.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

जमिनीखालच्या टाकीत डिझेल किती उरलं ते मी रोज सकाळी दांडी बुडवून पाहतो. दांडी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. या आठवड्यात जेवढं विकलं त्याच्याहून तीनशे लिटर जास्त कमी झालं. पंपावर नळी धरणारा माणूस एकच, देवाजी. पन्नाशीचा आहे, अकरा वर्षांपासून इथे आहे, कधी कुणाशी भांडत नाही. इतका साधा माणूस संशयास्पदच असतो.

काल सुटी झाल्यावर तो हातात डबा घेऊन घरी निघाला. मी मागोमाग गेलो आणि त्याच्या गोठ्याजवळ तुरीच्या काड्यांच्या ढिगाआड बसलो. त्याने डबा उघडून टोपल्यात ओतला. गोकुळाबाईंकडचं तांदळाचं धुवण होतं, जनावरासाठी नेलेलं. मला उठायला उशीर झाला.

"साहेब, तुमी इथी काऊन बसले जी?"

"म्हैस किती दूध देते ते पाहून राह्यलो होतो."

"तो हेला आहे," देवाजी म्हणाला. हेला म्हणजे रेडा.

घरी आलो. चोरी कुठून होते ते कळलं नाही, पण चोर हुशार आहे एवढं नक्की.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

ड्रायव्हर लोक चहा अर्धा टाकून जाऊ लागले. आज गोकुळाबाई स्वतः पंपावर आल्या. त्या कधी येत नाहीत.

"मॅनेजर, माह्या इहिरीले वास येऊन राह्यला. तुमी येऊन पाहा."

मी गेलो. सोबत देवाजी, दोन ड्रायव्हर आणि देवराव. हे देवराव म्हणजे गावचे मोठे धानवाले शेतकरी. डोक्याला फेटा, आणि सगळ्या गोष्टींवर मत. मी काठावर ओणवा होऊन दीर्घ श्वास घेतला आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, विहिरीला वास नाही. गोकुळाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. बादली उचलून आत गेल्या.

खरं लिहायचं तर थोडा आहे. पण हे पानगळीचे दिवस. विहिरीत पाला पडतो, कुजतो. आमची टाकी चौदा वर्षं जमिनीत आहे. चौदा वर्षं काही झालं नाही, मग आताच काय होणार? आणि झालंच असेल तर पंप बंद, मी बेकार, आणि या वयात दुसरीकडे कोण ठेवणार? पालाच असेल.

३ मार्च, शनिवार

पाला नाही.

सकाळी दहा वाजता इस्तारीबाबा एका हातात दिवा घेऊन चालत पंपावर आले. दिवा पेटलेला. मी ओरडलो, पंपावर आगीला मनाई आहे. त्यांनी तो रस्त्यापलीकडे नेऊन ठेवला आणि शांतपणे परत आले.

"याच्यात रॉकेल नाई, भाऊ. इहिरीतलं वरचं पानी आहे. भल्लं जळते. तुमचं डिझेल आमच्या घरी मुक्कामाले आलं."

तासाभरात ही बातमी गावभर. आणि गावाला आनंद झाला. दोघं जण डबे घेऊन विहिरीवर आले, म्हणे आमच्या इंजिनाला चालेल, फुकटचं आहे. गोकुळाबाईंनी त्यांना चहाच्या पळीने हाकललं. एकाला लागली.

लोक गेल्यावर त्या काठावर बसल्या. लग्नाच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने ही विहीर खणली. तो खाली खणायचा, त्या डोक्यावरून माती वाहायच्या. "त्याची म्हनून दाखवाले माह्यापाशी एवढीच चीज आहे," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तुमाले कवापासून मालूम होतं?"

"आजच कळलं," मी म्हणालो.

देवाजीकडे पाहवत नाही.

५ मार्च, सोमवार

मालकांना फोन केला. ते म्हणाले, "चूप बस. विहिरी गावात पुष्कळ आहेत, पंप एकच आहे." मी हो म्हणालो. हो म्हणण्यात मी चांगला आहे.

बाईंना पाणी लागतंच. टपरी बंद ठेवली तर दोघांनी खायचं काय? आमच्या बौद्ध मोहल्ल्यातलं बोरिंग इथून अर्ध्या मैलावर. मी सांगितलं, पाणी मी आणून देईन, लुना आहे माझ्याकडे. त्यांनी नको म्हटलं नाही. होही म्हटलं नाही. नुसतं टपरीच्या कोपऱ्यातला रिकामा रांजण दाखवला.

६ मार्च, मंगळवार

पंपावरचे दोन मोठे कॅन राखेने तीनदा घासले, चिंचेने दोनदा, आणि बोरिंगचं पाणी भरून ऐटीत नेले. बाईंनी झाकण काढलं, वास घेतला, आणि दोन्ही कॅन माझ्यासमोर रस्त्यावर रिकामे केले.

"एका इहिरीत डिझेल घातलं, आता रांजनातई घालता का?"

मला खरंच वास आला नव्हता. उद्यापासून त्यांचेच पितळी गुंड, म्हणजे घागरी, न्यायचे.

९ मार्च, शुक्रवार

लुनावर गुंड नेणं ही विद्या आहे. पुढे पायात एक, मागे दोन बांधलेले. टपरीवर पोचेपर्यंत तिन्ही मिळून दोन उरतात, एक पॅन्टवर सांडतो. इस्तारीबाबा रोज खाटेवर बसून मौज पाहतात.

"लोकांच्या लग्नात पानी भरनं आमचं काम, भाऊ. सात पिढ्यांचं. तुमी आमचं काम हिसकून राह्यले."

आज देवरावांना कळलं की चहाचं पाणी आमच्या मोहल्ल्यातलं आहे. त्यांना अचानक पित्ताचा त्रास आठवला आणि त्यांनी कप सरकवला. महिनाभर यांना डिझेलचा चहा चालला, आमच्या बोरिंगचा चालला नाही. मी काही बोललो नाही, असल्या ठिकाणी बोलून माझी निम्मी हयात गेली आहे. गोकुळाबाईंनी मात्र त्यांचा कप विसळला, फळीवर उपडा घातला आणि म्हणाल्या, "पित्त उतरलं का मंग याजा."

दिवसभर मला फार हलकं वाटत होतं. ऊन कमी असावं.

१२ मार्च, सोमवार

मालकांना न विचारता तेल कंपनीला पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं. पहिल्यात मी निर्दोष होतो, दुसऱ्यात देवाजी, तिसऱ्यात टाकी. चौथ्यात सरळ लिहिलं की टाकी गळते, एका बाईची विहीर खराब झाली आहे, त्याखाली तलाव आहे, लवकर माणूस पाठवा. सिंदेवाहीला जाऊन पेटीत टाकलं. पण पेटीपासून हललो नाही. पोस्टमन थैली घेऊन पेटी उघडायला आला तेव्हा त्याला म्हणालो, चुकून पडलं, परत द्या. तो म्हणाला, "पेटीत पडलं का ते सरकारचं झालं." भला माणूस. त्याने दिलं असतं तर मी घेतलं असतं.

२७ मार्च, मंगळवार

कंपनीने नागपूरच्या एका माती-पाणी तपासणाऱ्या संस्थेला काम दिलं. मला वाटलं चष्मा लावलेले कुणी म्हातारे साहेब येतील. आल्या रिना मॅडम, सव्वीस वर्षांच्या, डोक्यावर टोपी, हातात माणसाएवढं गिरमिट. दुपारपर्यंत त्यांनी अकरा भोकं पाडली. प्रत्येक भोकातली माती मुठीत घेऊन हुंगायची आणि वहीत लिहायचं.

संध्याकाळी सगळ्यांना समजावून सांगितलं. टाकी बुडाशी गंजली आहे. डिझेल मुरमातून खाली झिरपतं, पाण्याला पोचलं की हलकं असल्यामुळे वर तरंगतं आणि उताराकडे सरकतं. उताराला पहिली गोकुळाबाईंची विहीर आहे, पुढे तलाव. पावसात पाणी वर आलं की सगळं तलावाकडे वाहून जाईल, आणि धिवर तिथे मासोळीचं बी सोडतात. म्हणून मृगाच्या आधी टाकी काढायची, भिजलेली माती काढायची, विहिरीवरचा थर काढायचा. माती प्लास्टिकवर पसरून त्यात शेण आणि तनस, म्हणजे धानाचा पेंढा, मिसळायची, ओली ठेवायची, आठवड्याला उलटायची. मातीतले जंतूच डिझेल खातात म्हणे, त्यांना फक्त हवा, ओल आणि शेण पाहिजे.

"अन् इहीर कवा पिण्याजोगी होईन?" गोकुळाबाईंनी विचारलं.

"वर्ष तरी लागेल. होईलच असं आज सांगता येत नाही."

बाईंनी मान हलवली. मग मॅडमना चहा दिला आणि मला विचारलंच नाही. मी स्वतः मागून घेतला.

७ एप्रिल, शनिवार

क्रेनने टाकी उपसली. बुडाला तीन भोकं, सर्वांत मोठं बोराएवढं. चौदा वर्षांच्या माझ्या (खरं म्हणजे सात वर्षांच्या) अभिमानाला एवढंसं भोक. देवाजी शेजारी उभा होता. मी म्हणालो, "देवाजी, माझी चूक झाली. तुझ्यावर संशय घेतला."

तो वाकून टाकीची भोकं पाहून आला. मग म्हणाला, "माही नाई, हेल्याची माफी मांगा. त्याले तुमी म्हैस म्हनलं."

विहिरीवरचा थर काढायला मॅडमनी मुंबईहून कसल्या तेल शोषणाऱ्या गाद्या मागवल्या आहेत, त्या येता येईनात. इस्तारीबाबांनी तीन दिवस ऐकून घेतलं. आज ते रानात गेले आणि काटेसावरीचा कापूस पोतंभर घेऊन आले. जुनं जाळं शिवून त्याची गादी केली, कापूस कोंबला आणि दोरीने विहिरीत सोडली. "हा पानी पेत नाई, तेल पेते," म्हणाले. तासाभराने वर काढून पिळली तर डिझेल निथळलं. मॅडमनी चिमूटभर कापूस पिशवीत घालून वहीत बरंच काही लिहिलं. बाबांनी विचारलं, "मुंबईची गादी याहून नरम असते का?"

१५ एप्रिल, रविवार

काल जयंती. मोहल्ल्यात मिरवणूक, भाषण, जेवण. मी पूर्ण दिवस तिकडे. आज सकाळी पंपावर आलो तर मातीच्या ढिगाला मोठं खिंडार पडलेलं.

देवाजीला विचारलं. तो म्हणाला, "देवरावभाऊ तीन बंड्या भरून घेऊन गेले."

"मी सांगितलं होतं ना, कुणालाही माती नेऊ द्यायची नाही?"

"माती नाई नेली. ते त् शेनखत न्याले आलते."

त्याचंही बरोबर. चैत्र संपत आला की आमच्याकडे जो तो बैलबंडीने बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, खत टाकतो, आणि रस्त्याकडेला शेण-तनसाचा काळा ढीग दिसला तर त्याला खत नाही तर काय म्हणणार? मी तसाच देवरावांच्या शेतावर पळालो. जिथे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे नेमक्या त्याच बांधीत ढीग घातलेले. मी सांगितलं हे डिझेल आहे. देवराव म्हणाले, "बांधीत आलेलं खत मांगं जात नाई. न्यायचंच असन त् तीन बंड्या दुसरं आनून टाका."

खतावाचून माती सुटत नव्हती. मी कबूल केलं.

१९ एप्रिल, गुरुवार

चार दिवस शेण गोळा करतोय. आमचा मोहल्ला, तेल्यांची आळी, धिवरांचं टोक, एकही गोठा सोडला नाही. देवाजीच्या हेल्याचंही घेतलं. डोक्यावर टोपलं, अंगावर पंपाचा निळा शर्ट, खिशावर "मॅनेजर" लिहिलेलं. आज टपरीसमोरून जाताना टोपल्याची कड सुटली आणि अर्धं शेण खांद्यावर आलं.

गोकुळाबाई हसल्या. सात वर्षांत त्यांना अशा हसताना पाहिलं नव्हतं. वरचा एक दात जरासा वाकडा आहे. हसताना डोळे मिटतात, आणि पदर तोंडाला लावतात पण उशिरा लावतात, त्यामुळे सगळं दिसतं. ही माहिती मी इथे का लिहिली ते कळत नाही. साफसफाईच्या कामाशी तिचा संबंध नाही.

देवरावांची तिसरी बंडी आज भरली. आपली माती परत आली.

१८ जून, सोमवार

पाऊस लागायच्या आत सगळं झालं. ढीग झाकला, भोवती चर खणला. विहीर इंजिनाने तीनदा उपसली. ते पाणी तीन खड्ड्यांतून नेलं, शेवटच्यात राइस मिलचा जळका कोंडा आणि कोळसा, आणि तिथून ढिगावर शिंपडलं. वरचा थर आता दिसत नाही. पण वास आहे.

आज मालक आले. सोबत एक कागद. विहीर शुद्ध झाली, कसलीही तक्रार नाही, खाली गोकुळाबाईंचा अंगठा आणि माझी सही. बाई म्हणाल्या, "अंगठा काऊन? मी सही करतो." मग कागद माझ्याकडे फिरवून विचारलं, "करू का?"

मालक माझ्याकडे पाहत होते. बाईही पाहत होत्या. मला एखादं धाडसाचं वाक्य बोलायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "नका करू."

मालक म्हणाले, मग उद्यापासून येऊ नको. मी म्हणालो बरं. नंतर रिना मॅडमनी त्यांना दाखवलं की कंपनीच्या पत्रात देखरेखीसाठी माझंच नाव आहे, मला काढलं तर नवी टाकी मिळणार नाही. मालक चहा न घेता गेले. बाईंनी तो चहा मला दिला, आलं घालून. आलं त्या कुणाला घालत नाहीत.

२६ ऑगस्ट, रविवार

नवी टाकी बसली, पंप पुन्हा सुरू झाला. ढिगावर अळंबी उगवली. मॅडम खूश, म्हणे माती जिवंत होतेय. देवाजीला ती खायची होती, त्याला धरून ठेवावं लागलं.

माझे रोजचे बारा गुंड चालू आहेत. आता सांडत नाहीत. बाबा म्हणतात, मी आता अर्धा धिवर झालो.

१४ नोव्हेंबर, बुधवार

पहिला अहवाल आला, पाण्यात डिझेल सापडलं नाही. सगळे विहिरीकडे निघाले. मॅडमनी थांबवलं: पाणी उतरल्यावर आणखी एकदा तपासायचं, दोन्ही वेळा स्वच्छ आलं तरच. गोकुळाबाई म्हणाल्या, "नऊ महिने थांबली, आनखी तीन." पण नंतर त्या विहिरीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, आणि मी गुंड ठेवून परत आलो. त्यांना हाक मारायला हवी होती असं आता वाटतं. त्या रडत असतील तर काय बोलायचं ते मला येत नाही.

एक गोष्ट आतून खाते. मार्चमध्ये मी त्यांना म्हणालो होतो, आजच कळलं. ते खोटं होतं. बावीस फेब्रुवारीला ओणवा झालो तेव्हाच मला कळलं होतं. त्या नऊ दिवसांत किती डिझेल गेलं असेल, आणि किती जण ते पाणी प्याले असतील? हे त्यांना सांगायचं आहे. रोज चार फेऱ्यांत चार वेळा ठरवतो.

३ फेब्रुवारी २००२, रविवार

दुपारी दोन. सगळं आताच लिहून काढतो.

सकाळी रिना मॅडम दुसरा अहवाल घेऊन आल्या. गावचे चाळीस-पन्नास लोक विहिरीवर. मॅडमनी वाचून दाखवलं, पाणी पिण्यास योग्य. इस्तारीबाबांनी बादली सोडली, पहिलं पाणी काढलं, कुंकू लावून नारळ फोडला. बाबा म्हणाले, मॅनेजर भाऊंनी वर्षभर पाणी वाहिलं, पहिला गिलास त्यांचा. गोकुळाबाईंनी गिलास भरून माझ्या हातात दिला.

मी तोंडाशी नेला आणि वास आला. डिझेलचा, स्पष्ट.

सगळे माझ्याकडे पाहत होते. बाईंच्या अंगावर नवं लुगडं होतं. वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो आज, आणि माझ्या एका शब्दाने तो मोडणार होता. "छान आहे" म्हणालो असतो तर कुणाला कळलं नसतं. कागद स्वच्छ होता. मालकही खूश झाले असते.

मी म्हणालो, "वास आहे."

गोकुळाबाईंचा चेहरा मला पाहवला नाही, म्हणून मी गिलासाकडे पाहत सगळं बोलून टाकलं. "मागच्या वर्षी बावीस फेब्रुवारीला मी इथेच म्हणालो होतो, वास नाही. तेव्हा वास होता. मला आला होता. नोकरीच्या भीतीनं खोटं बोललो. बाईंनी विचारलं तेव्हाही खोटं बोललो. आता दुसऱ्यांदा नाही बोलणार. वास आहे. तुम्ही मला काही म्हणा."

मॅडमनी गिलास घेतला, हुंगला, उन्हात धरला, पुन्हा हुंगला. मान हलवली. बाबांनी बादलीत तोंड घातलं. देवाजीने घातलं. देवरावांनीही, फेटा सांभाळत. कुणालाच काही येईना. मग इस्तारीबाबांनी माझा हात धरला, वर ओढला आणि नाकाला लावला.

"वास इहिरीचा नाई, भाऊ. तुमच्या हाताचा आहे."

देवाजीने स्वतःचा हात हुंगला. "माह्याई हाताले येते," तो म्हणाला. "आपल्याले सवय झाली."

लोक हसायला लागले. मी बाईंच्या राखेने हात धुतले, मातीने धुतले, लिंबाने धुतले. गिलास नाकाशी नेला की वास. आठ वर्षं दांडी, पाना, वंगण. आता काय तो निघणार? माझ्या हाताने मला कधी कळणारच नव्हतं.

तेव्हा देवराव म्हणाले, "सोपं आहे. हा ओंजळ धरन अन् वरतून पानी सोडा. गिलास पाह्यजेच कायले?"

ते वाईट बुद्धीने म्हणाले असं नाही वाटत. त्यांना सोपंच वाटलं असेल. पण माझा आजा याच गावात जन्मभर तसंच पाणी प्यायला, खाली वाकून, वरून सोडलेलं. मी म्हणालो, "ओंजळीनं नाही पिणार. आजा प्यायला तेवढं पुरे."

आमच्या मोहल्ल्यातले लोक जागीच थांबले. देवरावांनी फेटा काढून पुन्हा बांधायला घेतला.

गोकुळाबाईंनी माझ्या हातातला गिलास काढून घेतला. विसळला. बादलीतून नवा भरला. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हात मांगं करा."

मी हात मागे केले.

त्यांनी गिलास माझ्या ओठांना लावला. भर दिवसा, गावासमोर, सासऱ्यासमोर. मला त्यांच्या बोटांचा धुराचा वास आला, चहापत्तीचा आला, आणि पाण्याचा कसलाच आला नाही. मी न थांबता पूर्ण गिलास प्यालो. थोडं हनुवटीवरून शर्टावर सांडलं, ते त्यांनी पदराने पुसलं.

"बावीस तारखेचं मले त्याच दिवशी मालूम होतं," त्या हळू म्हणाल्या, फक्त मला ऐकू जाईल एवढ्या. "तुमी वाकले तवा तुमचं नाक हाललं होतं. तुमच्या तोंडून आयकाचं होतं." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्याने, "आहे का वास?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा गिलास भरला. "एका गिलासानं काय समजते? बरोबर पाहा."

मी हात मागेच ठेवले.